एकशे बाराव्या पानावरचं कार्ड

दुधरामबाबूंनी ट्रंकेतून लाल पुठ्ठ्याचं पुस्तक काढलं, एकशे बारावं पान उघडलं, पोस्टकार्ड जागच्या जागी आहे हे पाहिलं आणि पुस्तक मिटून पुन्हा धोतरांच्या घडीखाली ठेवलं. मग ते बाहेर ओसरीवर आले.

"सापडत नाही," ते म्हणाले.

पायरीवर बसलेल्या मुन्नीबाईनं, झामसिंगच्या बायकोनं, मान वर केली. सकाळी दरेकश्याहून निघून, गोंदियाला गाडी बदलून, छोट्या गाडीनं ती दुपारी सौंदडला उतरली होती. शेजारी नव्या तांदळाचं गाठोडं होतं. आल्याबरोबर तिनं ते सुमित्राबाईंच्या हाती द्यायला पाहिलं होतं, पण दुधरामबाबू मध्येच 'राहू दे, राहू दे' म्हणाले, आणि गाठोडं तिथंच राहिलं. धड घरात नाही, धड दारात नाही.

"आनखी एकडाव पाहा न जी," ती म्हणाली. "तुमच्या घरचा कागद उंदीर बी खात नाई म्हनत होते आमचे. एवढा सांभारून ठेवता म्हने."

"पाहतो. कुठल्यातरी पुस्तकात राहिलं असेल. सव्वादोन वर्षं झाली त्याला."

"म्हनजे भेटलं होतं तुमाले."

दुधरामबाबूंनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसायला घेतला.

"भेटलं असेल."

"असेल कायले जी? भेटलं का नाई भेटलं, दोनच गोष्टी होयेत." मग आपणच जरा हसून ती म्हणाली, "आता तुमच्यावर कायले चिडू? चिडाची जागा दुसरीच आहे. वकीलसाहेब म्हनते, मुन्नीबाई, बाकी सारं आपल्या बाजूनं आहे. झामसिंगनं तीन महिन्याच्या आत तक्रार केली होती, एवढा एकच कागद पाह्यजे. विमानाचे कार्पोरेशनवाले म्हनतेत, कोनाची तक्रार आलीच नाई. अन् त्या कार्डावर डाकेचा शिक्का आहे. त्यात तारीख आहे. आमाले तेवढा शिक्का पाह्यजे, बाबूजी."

"तारीख कधीची लागली?"

"सोमवारची. नागपूरले. वकीलसाहेब रविवारी निंगते. शुक्रवारी तुमी डाकेत टाकलं तं शनवारी गोंदियात त्याहिले भेटते. या तारखेले कागद नाई दिसला तं अर्ज खारीज. मंग पुन्हा नाई." तिनं हाताचा तळवा झाडून दाखवला. "तुमी म्हनत असान तं मी आज इथंच थांबतो. सुमित्राबाई, ओसरीवर पडून राहीन मी. तुमी शोधा, मी सकारी हातानंच घेऊन जातो."

सुमित्राबाई चहाचा पेला घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं.

"नुसतं कार्ड देऊन चालायचं नाही," दुधरामबाबू म्हणाले. "सोबत माझं पत्र हवं. ते मला कधी मिळालं, मी कोण, माझ्याकडे काय काम होतं, हे सगळं रीतसर हवं. नाहीतर समोरचा वकील विचारेल, हे कार्ड आलं कुठून. तू जा. मी लिहून टाकतो."

यात खोटं काही नव्हतं. बोलताना त्यांना स्वतःलाच ते पटलं.

"रीतसरच द्या जी," मुन्नीबाईनं चहा संपवून पेला विसळला आणि पालथा ठेवला. "तुमची रीत आमाले मालूम आहे."

तिनं हे कुठल्या अर्थानं म्हटलं, ते दुधरामबाबूंना कळलं नाही.

*

रीत त्यांचीच होती, हे खरं.

लढाईच्या काळात गोंदियापासून आठ-नऊ मैलांवर बांधलेली धावपट्टी पुढं एका खाजगी विमान कंपनीनं भाड्यानं घेतली. आठवड्यातून तीनदा मालाचं विमान उतरायचं. विड्यांची खोकी, लाख, कधी वर्तमानपत्रांचे गठ्ठे. पट्टीवर नऊ माणसं होती. गवत कापायचं, ढोरं हाकायची, विमान थांबलं की चाकांना लाकडी ठोकळे लावायचे, पिंपातलं पेट्रोल चामड्याच्या गाळणीतून गाळून पंपानं वर चढवायचं. या नऊ जणांची हजेरी दुधराम कापगते यांच्याकडे. टिनाच्या शेडमध्ये एक टेबल, एक रजिस्टर, आणि कंपनीचं नियमांचं लाल पुस्तक. ते पुस्तक अख्खं वाचलेला माणूस मुंबईच्या कचेरीतही नसेल.

नऊपैकी सहा जण धानाच्या शेतीचे. मृग लागला की त्यांचं मन पट्टीवर राहत नसे. आधी पऱ्हे, म्हणजे रोपं टाकायची, मग रोवणा, म्हणजे त्यांची लावणी. आणि कंपनीचा नियम असा, की सलग आठ दिवस गैरहजर राहणाऱ्याला काढून टाकावं आणि पुन्हा कधी घेऊ नये. पहिल्याच पावसाळ्यात झामसिंग रहांगडाले शेडच्या दाराशी येऊन उभा राहिला.

"बाबूजी, रोवना नाई केला तं वर्षभर खाऊ काय? अन् गेलो तं तुमी काढून टाकसान. दोन्ही कडून मरन. सांगा, कोनतं बरं?"

दुधरामबाबूंनी त्या दिवशी लाल पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचलं. एकशे बाराव्या पानावर त्यांना वाट सापडली. जो आपखुशीनं काम सोडतो, त्याला पुढं नव्यानं कामावर घ्यायला हरकत नाही. झालं. मृग लागला की सहा नावं कापायची, रोवणा आटोपला की तीच सहा नावं नवी भरती म्हणून चढवायची. पावसात विमान क्वचितच उतरे, तेव्हा उरलेल्या तिघांवर काम भागायचं. विचारणारं कुणी नव्हतं.

आयुष्यात दुधरामबाबूंनी केलेली ही एकच हिंमतीची गोष्ट. गावोगावी तिचं नाव झालं. बाबूजीनं कायद्याच्या पोटातून बैलबंडी काढली, असं झामसिंग सांगत फिरायचा. दर मार्गशीर्षात त्याच्या घरून नवा तांदूळ यायचा. दुधरामबाबू चारचौघांत मान खाली घालून चालणारे, पण त्या तांदळाचा भात जेवताना त्यांची मान थोडी वर असायची.

मग त्रेपन्न साली सरकारनं सगळ्या विमान कंपन्या ताब्यात घेतल्या. बातमी आली तेव्हा झामसिंगनं पट्टीवर पेढे वाटले होते. आता आपण सरकारी माणूस. धाकट्या भावाला, उदेलालला, त्यानं पंचांसमोर आपल्या वाटणीचं शेत सोडून दिलं. सरकारी माणसाला दर पावसाळ्यात नाव कापून चालायचं नाही, आता एकच काय ते धरायचं, असा त्याचा हिशोब.

कायद्यात एक तारीख होती. एक जुलै एकोणीसशे बावन्नच्या आधीपासून जे कंपनीच्या कामावर होते, ते नव्या महामंडळाचे नोकर. बाकीच्यांची सोय ज्यानं त्यानं बघावी.

नागपूरहून साहेब आले. टिनाच्या शेडमध्ये बसून त्यांनी रजिस्टर चाळलं आणि सहा नावांवर पेन्सिल टेकवली.

"ये छह आदमी अगस्त बावन में भरती हुए?"

"रजिस्टर में तो ऐसा ही है, साहब."

"तो फिर ऐसा ही है."

दुधरामबाबूंच्या घशाशी वाक्य आलं होतं. ते हिंदीत नीट जुळवावं म्हणून ते क्षणभर थांबले, आणि साहेबांनी पान उलटलं. सहा नावं गेली. राहिलेल्या तिघांकडे शेतीचा तुकडाही नव्हता, म्हणून त्यांचं नाव कधी कापलं गेलं नव्हतं. त्यांतला कवडू आता नागपूरच्या विमानतळावर खाकी डगला घालून असतो. दिवाळीत तो डगला घालूनच गावी येतो.

आक्षेप घ्यायला तीन महिने मुदत होती, आणि तो हजेरीबाबूकडे द्यायचा होता. बाकीचे पाच जण शिव्या देऊन गप्प बसले. झामसिंग चौथी शिकलेला. त्यानं कार्ड लिहिलं.

'बाबूजीस झामसिंग रहांगडालेचा रामराम. साहेबाच्या यादीत माझे नाव नाही. मी सत्तेचाळीसपासून तुमच्या हाताखाली आहे हे तुम्हास ठाऊक. नाव कापले ते रोवण्यासाठी कापले हे पण तुम्हास ठाऊक. एवढेच साहेबास लिहून द्यावे. जास्त मागत नाही. उत्तराची वाट पाहतो.'

कार्ड मिळालं त्या दिवशी दुधरामबाबू जेवले नाहीत. लिहून द्यायचं म्हणजे रजिस्टर खोटं आहे असं लिहून द्यायचं. रजिस्टर कुणी लिहिलं? त्यांच्या स्वतःच्या नेमणुकीचा कागद अजून यायचा होता. आठ दिवस त्यांनी मनातल्या मनात उत्तरं रचली. नवव्या दिवशी साहेबांचा छापील कागद आला. एकही आक्षेप आलेला नाही, असं त्यावर होतं आणि खाली सहीची जागा. दुधरामबाबूंचं अक्षर मोत्यासारखं. सही सुरेख आली. त्या रात्री कार्ड लाल पुस्तकात गेलं. नेमकं त्याच पानात का ठेवलं, हे त्यांना कधी सांगता आलं नसतं.

झामसिंग आता दरेकश्याच्या जंगलात ठेकेदाराचे बांबू तोडतो. उदेलालनं शेत परत दिलं नाही. द्यावं तरी का? पंचांसमोर घेतलं होतं. तांदूळ मात्र दर वर्षी येत राहिला. शेत नसताना तो कुठून येतो, हे दुधरामबाबूंनी कधी विचारलं नाही.

*

"लाल पुस्तकात पाहिलं का जी?" मुन्नीबाई गेल्यावर सुमित्राबाई म्हणाल्या. "मागं ऊन दाखवाले काढलं होतं, तवा त्यात एक कार्ड होतं."

"ते दुसरं."

सुमित्राबाईंनी गाठोडं उचललं, आत नेलं, आणि तांदूळ पिंपात न ओतता तसाच कोपऱ्यात ठेवून दिला.

गुरुवारी सकाळी दुधरामबाबूंनी टाक, दौत आणि कोरे कागद घेतले. लिहायचंच, हे त्यांनी ठरवलं होतं. ते आता निवृत्त झाले होते. त्यांचं कुणी काय वाकडं करणार? फार तर कोर्टात बोलावतील. काळ्या डगल्यातला एक माणूस सगळ्यांसमोर विचारेल, आक्षेप आला नाही म्हणून सही केलीत, तेव्हा हे कार्ड कुठं होतं? तो प्रश्न त्यांना त्या माणसाच्या आवाजात ऐकू आला. त्यांनी 'सदर कार्ड मिळाले' असं लिहिलं आणि थांबले. मिळाले, की पोचले? मिळाले म्हटलं की हात आला. पोचले म्हटलं की ते आपोआप घरी आल्यासारखं वाटतं.

दुपारपर्यंत तीन कागद फाटले.

"चिठ्ठी लिहून राहिले का पोथी?" सुमित्राबाईंनी विचारलं.

"कोर्टात जाणारा कागद आहे. वाटेल तसा लिहून चालत नाही."

"झामसिंगनं तं दोन बोटांच्या कार्डात लिहिलं होतं सारं."

त्यांनी मान वर करून बायकोकडे पाहिलं. त्या सूप घेऊन अंगणात गेल्या होत्या.

शुक्रवारी अकरा वाजता पत्र झालं. पाऊण पान. टाक पुसून त्यांनी ते पहिल्यापासून वाचलं. डाकेची थैली दोनच्या गाडीनं जायची. पोस्ट चालत दहा मिनिटांवर. सदरा घालण्यासाठी ते उठले, एक बाही घातली, आणि उभ्या उभ्याच पुन्हा एकदा वाचलं.

'सदर कार्ड माझ्याकडून अनवधानाने राहून गेले.'

अनवधानाने. हे खोटं होतं. इतकी वर्षं जे केलं ते केलं, आता निदान या कागदात तरी खोटं नको. ते पुन्हा बसले आणि तो शब्द खोडला. पण खाडाखोड केलेला कागद कोर्टात कोण मानणार? आणि त्या शब्दाच्या जागी लिहायचं काय? त्यांनी नवा कागद घेतला. एक बाही घातलेला सदरा पाठीवर तसाच लोंबत होता. भीतीने? संकोचाने? परिस्थितीवश? प्रत्येक शब्दानं पुढचं वाक्य बदलत होतं.

छोट्या गाडीची शिटी झाली तेव्हा ते चौथ्या ओळीवर होते.

शनिवारी संक्रांत होती. सुमित्राबाईंनी त्यांच्या हातावर तिळाचा लाडू ठेवला, पण नेहमीचं वाक्य म्हटलं नाही. म्हटलं ते वेगळंच.

"आज गाडीत बसा अन् वकिलाच्या हातात नेऊन द्या. दीड घंट्याचा रस्ता आहे. उद्या निंगते न तो?"

"सणाच्या दिवशी?"

"त्याच्या घरी बी सणच आहे."

"पत्र व्हायचं आहे अजून."

"मंग नुसतं कार्ड द्या."

"तुला त्यातलं कळत नाही," दुधरामबाबू म्हणाले. लाडू त्यांनी दौतीजवळ ठेवला. संध्याकाळी त्याला मुंग्या लागल्या.

रविवार लिहिण्यात गेला. त्या दिवशी त्यांनी आठ कागद फाडले. काही पत्रांत ते स्वतःला इतके दोष देत होते की ती वाचताना त्यांचे डोळे भरून आले. इतकं कोर्टाला सांगायचं कशाला, म्हणून तीही फाडली.

सोमवारी त्यांनी सकाळी लवकर आंघोळ केली आणि ओसरीवर येऊन बसले. साडेदहा झाले. आता कचेरी उघडली असेल. भैय्यालाल वकील कागद चाळत असेल. मुन्नीबाई बाहेर बाकावर, कदाचित झामसिंगही तिच्याजवळ. ठेकेदारानं एक दिवस सोडला असला तर. नाव पुकारतील. वकील उभा राहील आणि म्हणेल, साहेब, एक कागद यायचा आहे. समोरचा हसेल.

बारा वाजले. एक वाजला.

जेवताना दुधरामबाबूंना एकदम भूक लागल्यासारखं झालं. त्यांनी दोनदा भात मागून घेतला. हा नवा तांदूळ आहे का, असं विचारलं. सुमित्राबाई म्हणाल्या, "नाई. जुनाच आहे."

जेवण करून ते लिहायला बसले, आणि पत्र एका बैठकीत झालं. शब्द कुठं अडलाच नाही. 'झामसिंग रहांगडाले यांचे कार्ड मला वेळेत मिळाले. मी ते जाणूनबुजून लपवले. आक्षेप आला नाही अशी खोटी सही मी केली. ते सत्तेचाळीसपासून माझ्या हाताखाली अखंड कामावर होते. दर वर्षी त्यांचे नाव मी माझ्या अक्कलहुशारीने कापले व पुन्हा चढवले.' सगळं खरं. एक खाडाखोड नाही. त्यांनी ते मोठ्यानं वाचून पाहिलं. इतकं सरळ, इतकं धीट आपण कधी लिहिलं नव्हतं, असं त्यांना वाटलं, आणि छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं. लाल पुस्तकातून कार्ड काढून त्यांनी ते पत्राच्या घडीत घातलं. सव्वादोन वर्षं दाबून राहिल्यानं ते एकदम सपाट झालं होतं.

मंगळवारी दहाच्या ठोक्याला ते पोस्टात गेले. भैयाजी मास्तर मोहर साफ करत बसले होते.

"या बाबूजी! रजिस्टर करता? काऊन, जमीन-बिमीन घेतली का म्हातारपनी?"

"एका पत्राचं उत्तर आहे. राहून गेलं होतं."

"तुमचं अक्षर पाहा! पाकीट फोडाचीबी लाज वाटल मानसाले." मास्तरांनी पाकीट तोललं, तिकिटं लावली. मग पत्ता वाचला. "वकिलाले? मंग घाईचं असल जी. दोनच्या गाडीचा गार्ड आपला आहे. त्याच्या हातात देतो, सांजेपर्यंत गोंदियात पोचते. नाहीतर उद्या भेटल."

"नको, नको," दुधरामबाबू म्हणाले. "रीतसरच जाऊ द्या. घाई नाही."

मास्तरांनी मोहर आपटली. दुधरामबाबू खिडकीतून वाकले आणि तारीख नीट उमटली का, ते त्यांनी चष्मा वर करून पाहिलं. स्वच्छ उमटली होती. सतरा जानेवारी.

पाकीट थैलीत पडलं. पावती घेऊन त्यांनी ती जपून दुमडली. एकशे बाराव्या पानात आता खुणेला काही उरलं नव्हतं.